दात्याचा स्वतंत्र केसपेपर

(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले निवेदन)



दरवर्षी या सभेत आम्ही आपणासमोर रुग्णालयाचा जमाखर्च मांडतो. खाटा किती भरल्या, शस्त्रक्रिया किती झाल्या, निर्धन रुग्ण निधीतून कोणास किती साहाय्य मिळाले, याचा हिशेब यंदाही अहवालाच्या पुढील पानांवर छापलेला आहे आणि लेखापरीक्षकांनी तो तपासलेला आहे. परंतु आजच्या सभेतील थोडा वेळ आम्ही एका निराळ्या विषयासाठी मागून घेतला आहे. आमच्या कोणत्याच वहीत जिची नोंद नव्हती, अशा एका व्यक्तीविषयी आम्हांस बोलावयाचे आहे. ती व्यक्ती म्हणजे यकृताचा जिवंत दाता.

आपले रुग्णालय यकृत प्रत्यारोपण करीत नाही, हे आपणांस ठाऊकच आहे. अमरावतीच्या शासकीय संदर्भ सेवा रुग्णालयात, ज्याला आपण सर्वजण सुपर स्पेशालिटी म्हणतो, मूत्रपिंडाची प्रत्यारोपणे होतात. यकृतासाठी मात्र आपल्या वऱ्हाडातील माणसाला बाहेर जावे लागते. २०१८ पासून नागपुरातही ही शस्त्रक्रिया होऊ लागली; तरी पुणे, मुंबई किंवा हैदराबादची वाट धरणारी कुटुंबे आजही आहेत. बडनेऱ्याहून रात्रीची गाडी पकडून एका घरातील दोन माणसे निघतात. एक आजारी असतो, दुसरा धडधाकट. दोघांच्याही पोटावर शस्त्रक्रिया होते. परत येताना आजारी माणूस बरा होऊ लागलेला असतो आणि जो धडधाकट होता तो अशक्त झालेला असतो. ही परतीची गाडी ज्या गावी थांबते, तेथील रुग्णालय आपले आहे. म्हणून हा विषय आपला आहे.

तीन वर्षांपूर्वी घडलेली एक गोष्ट आम्ही आपणासमोर ठेवतो. त्या घराची ओळख पटू नये म्हणून काही तपशील वगळले आहेत. दर्यापूरकडील एका शेतकरी कुटुंबातील गृहस्थांचे यकृत निकामी झाले होते. पत्नीने आपल्या यकृताचा उजवा भाग दिला. शस्त्रक्रिया दूरच्या एका मोठ्या शहरात झाली आणि ती उत्तम झाली. नवव्या दिवशी त्या माउलीस घरी जाण्याची परवानगी मिळाली. पती अद्याप अतिदक्षता विभागातच होते. थोरला मुलगा वडिलांजवळ थांबला, आणि घरी धाकटी मुले व वेचणीला आलेला कापूस असल्याने ती एका नातलगाबरोबर गावी परतली.

चार दिवसांनी रात्री ती आमच्या अपघात विभागात आली. अंगात ताप होता, पोट फुगले होते आणि उजव्या खांद्यात कळ येत होती. खिडकीवर तिला विचारण्यात आले, "रुग्ण कोण?" तिने जे उत्तर दिले ते आमच्या परिचारिकेच्या आजही स्मरणात आहे. "मले काय झालं जी? ह्याईचं ऑपरेशन झालं मुंबईकडं. मले जरासाक ताप आहे फक्त." केसपेपरवर "ताप, पोटदुखी" एवढीच नोंद झाली. गोळ्या दिल्या गेल्या. ती घरी गेली. दोन दिवसांनी तिला खाटेवर घालून आणावे लागले. सोनोग्राफीत पोटात पाणी साचलेले दिसले. ते पाणी नव्हते, पित्त होते. यकृताच्या कापलेल्या कडेवरील एका बारीक नलिकेतून ते झिरपत होते. आमच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई घालून निचऱ्याची नळी बसवली, ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली होती तेथील डॉक्टरांशी बोलणे केले आणि तिला रुग्णवाहिकेने तिकडे रवाना केले. तेथे एंडोस्कोपीने पित्तनलिकेत स्टेंट बसवण्यात आला. ती वाचली. पतीही बरे झाले. आज दोघेही शेतात जातात.

गोष्ट येथे संपली असती तर आम्ही ती एखाद्या डॉक्टरांच्या बैठकीपुरती ठेवली असती. परंतु पुढे बिलाचा प्रश्न आला. मुलगा आमच्या लेखा विभागात आला आणि म्हणाला, की वडिलांच्या नावे रुग्णालयाने साहाय्य मंजूर केलेले आहे, आईचा खर्चही त्यातच धरावा. आम्ही कागद पाहिले. वडिलांच्या फाइलमध्ये आईचे नाव फक्त "दाता: पत्नी" असे एका ओळीत होते. रुग्ण म्हणून तिची स्वतंत्र फाइल नव्हती, म्हणून तिच्या नावे साहाय्य नव्हते. आणि वडिलांच्या साहाय्यातून दुसऱ्या व्यक्तीचा खर्च भागवणे नियमात बसत नव्हते. तशी टिपणी तयार झाली आणि विनंती नामंजूर झाली. त्या टिपणीवर सही आमची होती.

नियमाप्रमाणे ती सही बरोबर होती. विश्वस्त मंडळाने पुढे आपल्या अधिकारात ते बिल माफ केले, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. तरीही ती सही आमच्या मनातून गेली नाही. वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी द्विनोंदी पद्धती शिकवतात. कोणाच्या तरी खात्यावर नावे पडल्याशिवाय कोणाच्याही खात्यावर जमा होत नाही. प्रत्यारोपणाच्या व्यवहारात आम्ही एकाच्या खात्यावर जीवदान जमा केले होते, परंतु ते ज्याच्या नावे पडले त्याचे खातेच उघडले नव्हते. खिडकीवरील चूक आणि लेखा विभागातील चूक या दोन चुका नव्हत्या, एकच होती.

यानंतर आम्ही डॉक्टरांकडून हा विषय समजून घेतला. आम्ही वैद्यकीय माणूस नाही. परंतु जे समजले ते प्रत्येक दात्याच्या घराला समजले पाहिजे, म्हणून साध्या शब्दांत येथे मांडतो.

यकृत हा शरीरातील असा अवयव आहे, की त्याचा भाग काढला तरी उरलेला भाग वाढून दोन-तीन महिन्यांत पुष्कळशी भर काढतो. याच गुणामुळे जिवंत माणसाला यकृताचा भाग देता येतो. लहान मुलासाठी डाव्या बाजूचा लहानसा भाग पुरतो. प्रौढ माणसासाठी बहुधा उजवा भाग घ्यावा लागतो आणि तो संपूर्ण यकृताच्या जवळपास ६० टक्क्यांइतका असतो. दात्याकडे किमान ३० ते ३५ टक्के यकृत उरलेच पाहिजे, असा दंडक आहे. शस्त्रक्रियेत दात्याचे पित्ताशयही सहसा काढले जाते, ही गोष्ट अनेक कुटुंबांना शस्त्रक्रियेनंतरच कळते.

आता धोक्याविषयी. जगभरातील अनुभव असा सांगतो, की उजवा भाग देणाऱ्या दर २०० ते ५०० दात्यांमागे एकाचा मृत्यू होतो. डाव्या भागाच्या बाबतीत हा धोका याहून कमी आहे. मृत्यूखेरीज इतर गुंतागुंत १०० पैकी साधारण २० ते ४० दात्यांना होते. त्यांतील बहुतेक किरकोळ असते, उदाहरणार्थ जखमेतील संसर्ग, छातीत साचलेले थोडे पाणी, काही दिवसांचा ताप. परंतु पित्तगळती, पोटातील रक्तस्राव, पायातील शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत गुठळी होणे आणि काही महिन्यांनी व्रणाच्या जागी हर्निया होणे, या गोष्टीही घडतात. काही दात्यांना शस्त्रक्रियेनंतर उदासी ग्रासते. आप्त वाचला नाही, तर ती अधिकच खोल जाते.

हे आकडे ऐकून कोणी घाबरावे, असा आमचा हेतू नाही. ९९ हून अधिक टक्के दाते सुखरूप घरी येतात, हेही याच आकड्यांत आहे. परंतु रुग्णाच्या बाबतीत धोका आणि लाभ एकाच देहावर मोजले जातात. दात्याच्या बाबतीत धोका एका देहाला आणि लाभ दुसऱ्या देहाला असतो. दाता रुग्णालयात येतो तो निरोगी असतो. त्याला झालेली कोणतीही इजा ही आपण सर्वांनी मिळून त्याला केलेली इजा असते. म्हणूनच त्याच्या बाबतीत काळजीचे माप अधिक कडक असले पाहिजे.

ही जाणीव या शस्त्रक्रियेच्या आरंभापासूनच आहे. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे एका मातेने आपल्या बाळाला यकृताचा भाग दिला आणि ती शस्त्रक्रिया यशस्वी झाली. त्याच वर्षी अमेरिकेतील शिकागो येथेही मातेकडून बालकाला यकृत देण्यात आले. त्या शस्त्रक्रियेत मातेच्या प्लीहेस इजा झाली आणि ती काढावी लागली. भारतात १९९८ मध्ये दिल्लीत पित्याच्या यकृताचा भाग एका बालकास देऊन पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले. तेव्हापासून आपल्या देशात ही शस्त्रक्रिया फार वाढली. पाश्चात्त्य देशांत बहुतेक यकृते मृत दात्यांकडून मिळतात. आपल्याकडे मात्र दहापैकी सुमारे आठ यकृते जिवंत माणसाकडून येतात. म्हणजे दात्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न इतरांपेक्षा आपलाच अधिक आहे.

दोन घटनांचा उल्लेख करणे आम्हांस आवश्यक वाटते. जानेवारी २००२ मध्ये न्यूयॉर्क येथील माउंट सायनाय या नामांकित रुग्णालयात ५७ वर्षांच्या एका गृहस्थांनी धाकट्या भावास यकृत दिले. भाऊ वाचला, दाता तिसऱ्या दिवशी दगावला. शासकीय चौकशीत जे निष्पन्न झाले ते शस्त्रगृहातील दोषाचे नव्हते, शस्त्रक्रियेनंतरच्या देखरेखीचे होते. त्या विभागातील ३४ रुग्णांची जबाबदारी पहिल्या वर्षाच्या एका शिकाऊ डॉक्टरवर होती. तेथील ही शस्त्रक्रिया काही महिने बंद ठेवण्यात आली, आणि रुग्णाच्या डॉक्टरांपासून स्वतंत्र असे, केवळ दात्याचे हित पाहणारे पथक असावे, हे तत्त्व त्या राज्याने पुढे स्वीकारले.

दुसरी घटना आपल्याच राज्यातील आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यातील एका खाजगी रुग्णालयात पत्नीने पतीस यकृताचा भाग दिला. पतीचे निधन झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच, आरंभी सावरत असलेल्या पत्नीचेही निधन झाले. शासनाच्या आरोग्य विभागाने रुग्णालयास नोटीस देऊन माहिती मागवली. त्या घटनेत कोणाचा दोष होता अथवा नव्हता, हे ठरवणे आमचे काम नाही. परंतु ती बातमी वाचली त्या दिवशी आमच्या बाह्यरुग्ण विभागात अशाच तयारीतील एक कुटुंब बसले होते. त्यांनी आम्हांस विचारले, "साहेब, आम्ही जावे की न जावे?" याचे उत्तर प्रशासकाने देऊ नये. मात्र, कोणते प्रश्न विचारून जावे, हे सांगणे आमचे कर्तव्य होते आणि ते आम्ही केले.

ते प्रश्न असे. दात्याच्या यकृताचा किती टक्के भाग उरणार? दात्याच्या यकृतात चरबी किती आहे? पित्तनलिका आणि रक्तवाहिन्यांची रचना पाहण्यासाठी सीटी आणि एमआरआय तपासण्या झाल्या का? रक्तगट, साखर, कावीळ ब आणि क, हृदय आणि फुप्फुसे यांच्या तपासण्या झाल्या का? आपल्या विदर्भात, विशेषतः मेळघाटाकडील कुटुंबांत, सिकलसेलची तपासणी झाली का? त्या रुग्णालयात दात्यांना आजवर काय काय गुंतागुंत झाली? रात्री-अपरात्री दात्याला त्रास झाल्यास कोणत्या क्रमांकावर कोण बोलेल? घरी गेल्यावर दात्याला कोण तपासणार? या प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत. चांगले रुग्णालय असे प्रश्न विचारणाऱ्यावर रागावत नाही.

आता संमतीविषयी. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा आहे. २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि २०१४ मध्ये नवे नियम आले. पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे, आणि २०११ पासून आजी-आजोबा व नातवंडे हे जवळचे नातेवाईक मानले जातात. दाता १८ वर्षांवरील असला पाहिजे. नात्याचे पुरावे तपासले जातात, मुलाखतीचे चित्रीकरण होते. दाता स्त्री असल्यास विशेष काळजी घ्यावी आणि तिची ओळख व स्वतंत्र संमती यांची खातरजमा रुग्णाव्यतिरिक्त अन्य व्यक्तीने करावी, असे नियमांतच म्हटले आहे. हा नियम करावा लागला, यातच पुष्कळ काही आले. आपल्या देशातील जिवंत अवयवदात्यांत स्त्रियांचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक आहे. आई देते, पत्नी देते, बहीण देते. त्यांच्या त्यागापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण तो त्याग आहे की नाइलाज आहे, हे तिला एकटीला बसवून विचारण्याइतका वेळ आपण काढला पाहिजे.

दुर्बलाची संमती किती सहज उकळता येते, हे आपल्या वऱ्हाडाने पाहिले आहे. डिसेंबर २०१५ मध्ये अकोल्यात उघडकीस आलेले मूत्रपिंड विक्रीचे प्रकरण आपणांस आठवत असेल. सावकाराच्या कर्जाखाली दबलेल्या गरीब माणसाला मूत्रपिंड देण्यास भाग पाडल्याची तक्रार पुढे आली आणि तपासाचे धागे थेट श्रीलंकेपर्यंत गेले. अवयवांच्या व्यापारास कायद्याने १० वर्षांपर्यंत कारावास आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तरीही कागदावर सही होती, अंगठा होता, नातेही दाखवलेले होते, असे प्रकार घडतात. यकृताच्या बाबतीत घरातल्या घरात सावकार नसतो हे खरे. पण घरातही ऋण असते, आणि ते न फेडणाऱ्याकडे सारे गाव पाहत असते.

अकोल्यातील आपल्या बाह्यरुग्ण केंद्रात एक तरुण आपल्या थोरल्या भावासाठी प्राथमिक तपासणीस आला होता. घरच्यांसमोर तो हसून बोलत होता. समुपदेशिकेने त्याला एकट्याला बसवले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, की मला दोन लहान मुली आहेत, मला भीती वाटते, पण हे घरी बोलता येत नाही. आमच्या डॉक्टरांनी कुटुंबास एवढेच सांगितले, की वैद्यकीय दृष्ट्या तो दाता म्हणून योग्य नाही. त्यापुढे एक शब्दही नाही. मृत दात्याच्या यकृतासाठी त्या भावाचे नाव प्रतीक्षा यादीत होते. यकृत मिळण्यापूर्वीच त्याचे निधन झाले.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण तो सोपा नाही. आपल्या त्या एका वाक्याने एक शक्यता बंद झाली, हे आम्हांस ठाऊक आहे. पण ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचे हो हे दान नव्हे. त्या तरुणाचे नाही जपणे आणि दर्यापूरच्या माउलीचे हो जपणे, ही एकाच कर्तव्याची दोन अंगे आहेत.

या साऱ्या विचारानंतर, विश्वस्त मंडळाच्या संमतीने, आम्ही पुढील व्यवस्था अमलात आणली आहे.

पहिली गोष्ट म्हणजे दात्याचा स्वतंत्र केसपेपर. आपल्या रुग्णालयात प्रत्यारोपणासाठी मार्गदर्शन घेण्यास येणाऱ्या प्रत्येक दात्याची फाइल त्याच्या स्वतःच्या नावे, स्वतंत्र क्रमांकाने उघडली जाते. रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर वेगळे आणि दात्याला पाहणारे डॉक्टर वेगळे. समुपदेशिका दात्याला किमान दोनदा एकट्याला भेटते.

दुसरी, दात्याचे कार्ड. खिशात मावेल असे हे मराठी कार्ड दाता जाण्यापूर्वीच त्यास दिले जाते. शस्त्रक्रियेची तारीख, यकृताचा कोणता भाग दिला आणि कोणत्या रुग्णालयात दिला, हे त्यावर भरून घ्यावयाचे असते. मागील बाजूस धोक्याची लक्षणे मोठ्या अक्षरांत छापली आहेत: ताप, डोळे पिवळे होणे, पोट फुगणे, उजव्या खांद्यात कळ, पायाच्या पोटरीत सूज, अचानक लागलेली धाप, काळी शौच, जखमेतून पिवळा स्राव. यांपैकी काहीही झाल्यास घरी थांबू नये. अपघात विभागातील प्रत्येक कर्मचाऱ्यास हे कार्ड ओळखण्याचे शिक्षण दिले आहे. खिडकीवर आता आणखी एक प्रश्न विचारला जातो: "गेल्या वर्षभरात आपण कोणास अवयव दिला आहे का?"

तिसरी, पाठपुरावा. दाता परतल्यावर पहिल्या आठवड्यात, सहाव्या आठवड्यात, तिसऱ्या व सहाव्या महिन्यात आणि पुढे दोन वर्षे दर वर्षी तपासणीस बोलावले जाते. आला नाही, तर आम्ही दूरध्वनी करतो. शेतीच्या घरांना विशेष सूचना दिल्या जातात. तीन महिने डोक्यावर ओझे नाही, विहिरीतून पाणी शेंदणे नाही, पोती उचलणे नाही. फवारणीचे काम घरातील दुसऱ्याने करावे. मद्य नाही. वेदनाशामक गोळी किंवा जडीबुटीचा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. वेचणीच्या हंगामात घरी बसवणे किती अवघड असते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच चौथी गोष्ट आवश्यक झाली.

ती म्हणजे दात्यांच्या शुश्रूषेचे स्वतंत्र खाते. हा प्रस्ताव मांडला तेव्हा एका ज्येष्ठ विश्वस्तांनी दोन रास्त प्रश्न विचारले. पहिला, जी शस्त्रक्रिया आपण करीत नाही तिच्यावर आपण खर्च का करावा? दुसरा, दात्याला पैसे देणे हा कायद्याने गुन्हा नव्हे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आरंभी दिलेच आहे. दुसऱ्याचे उत्तर कायद्यातच आहे. अवयवाचा मोबदला देणे हा गुन्हा आहे. परंतु अवयव देण्यामुळे दात्यास प्रत्यक्ष आलेला वाजवी खर्च आणि त्याची बुडालेली मिळकत भरून देणे, यास कायद्याने मोबदल्याच्या व्याख्येतून वगळले आहे. तरीही साहाय्याचे आमिष होऊ नये, म्हणून आम्ही तीन बंधने घालून घेतली आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी कोणतीही रक्कम दिली जाणार नाही, वा तिचे आश्वासन दिले जाणार नाही. रक्कम तपासणी, औषधे, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांच्या पुराव्यावरच दिली जाईल. आणि ती दात्याच्याच बँक खात्यात जाईल, रुग्णाच्या वा घरातील कर्त्या पुरुषाच्या खात्यात नव्हे. या खात्याचे लेखापरीक्षण स्वतंत्रपणे होईल आणि त्याचा हिशेब दरवर्षी या अहवालात छापला जाईल.

देणगीदारांना आमची विनंती आहे. नव्या यंत्रासाठी देणगी मागणे सोपे असते, कारण यंत्रावर देणाऱ्याच्या नावाची पाटी लावता येते. या खात्यास दिलेल्या देणगीतून जे घडेल ते दिसणारे नाही. एखादी बाई तेराव्या दिवशी ताप आल्याबरोबर, सहा आठवड्यांच्या औषधाची चिंता न करता, वेळेवर रुग्णालयात येईल, इतकेच. पित्तगळती दोन दिवस आधी सापडेल. त्यासाठी पाटी नाही. परंतु आमच्या अनुभवाने आम्ही सांगतो, की या दोन दिवसांची किंमत फार मोठी आहे.

रुग्णांच्या आप्तेष्टांनाही एक निवेदन. शस्त्रक्रियेनंतर घरी येणाऱ्या माणसांची रीघ रुग्णाच्या खाटेभोवती लागते. दाता दुसऱ्या खोलीत असतो, नाहीतर स्वयंपाकघरात उभा असतो. कृपा करून त्याच्याजवळही कोणीतरी एकजण बसावा. त्याला ताप आहे का, त्याने जेवण केले का, त्याला झोप लागते का, हे विचारणारे घरातील एक माणूस आधीच नेमून ठेवावे. "तू तर बराच आहेस" हे वाक्य त्याच्याशी बोलू नये. तो बरा होता; आता त्याला बरे व्हावयाचे आहे.

आणि शेवटची विनंती आपणा सर्वांनाच. जिवंत दात्याला सर्वांत सुरक्षित ठेवण्याचा मार्ग म्हणजे त्याच्यावर शस्त्रक्रिया करण्याची वेळच येऊ न देणे. मेंदू मृत झालेल्या व्यक्तीचे यकृत तिच्या नातलगांच्या संमतीने देता येते, आणि विदर्भात त्याची व्यवस्था नागपूर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत होते. अपघाताने एखाद्या घरावर आकाश कोसळले असताना हा विषय काढणे किती कठीण असते, हे आमच्या अतिदक्षता विभागास ठाऊक आहे. म्हणून तो विषय आधी, स्वस्थ वेळी, जेवणाच्या पानावर बसल्या बसल्या घरात निघावा. असे प्रत्येक दान कोणा आईला, पत्नीला किंवा धाकट्या भावाला शस्त्रगृहाच्या दारातून परत फिरवते.

या वर्षीच्या अहवालात बाह्यरुग्ण, आंतररुग्ण आणि शस्त्रक्रिया यांच्या तक्त्यांनंतर आपणांस एक नवे, लहानसे पान दिसेल. त्यावर "अवयवदाते" असे शीर्षक आहे आणि खाली मोजक्याच ओळी आहेत. नावे नाहीत, फक्त क्रमांक आणि पाठपुराव्याच्या तारखा. त्यांतील पहिला क्रमांक दर्यापूरच्या त्या माउलीचा आहे. तिची फाइल आम्ही तीन वर्षे उशिराने उघडली. ती मागील महिन्यात तपासणीस आली होती. खिडकीवर तिला विचारले, "रुग्ण कोण?" तिने कार्ड पुढे केले आणि म्हणाली, "मीच हाओ जी."